शेवटच्या खाटेच्या नावावर

२०२३ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नागपुरात जो भेटेल त्याच्या तोंडी एकच आकडा होता: पंचवीस. मेडिकल आणि मेयो ह्या शहरातल्या दोन सरकारी रुग्णालयांत मिळून २४ तासांत २५ मृत्यू. एक-दोन दिवस आधीच नांदेडच्या शासकीय रुग्णालयातून २४ तासांत २४ मृत्यूंची बातमी आली होती, त्यातली १२ नवजात बाळं होती. त्याआधी ऑगस्टमध्ये ठाण्याच्या कळव्यात एका दिवसात १८ जण गेले होते. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. नांदेडला एका खासदारांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. मंत्री येऊन गेले, समित्या येऊन गेल्या, दिवाळी आली आणि विषय मागे पडला.

त्या दिवसांत दोन वाक्यं सारखी कानावर पडत होती. ‘सरकारी दवाखान्यात गेलेला माणूस परत येत नाही’ हे एक. ‘आमच्याकडे येतात तेच शेवटच्या घटकेला’ हे दुसरं. मी तीस वर्षं सरकारी खात्यात हिशेब तपासायचं काम केलं. बिलावर नुसती बेरीज लिहिलेली असेल आणि खाली एकही व्हाउचर जोडलेलं नसेल, तर ते खरं की खोटं हे सांगता येत नाही. आम्ही ते परत पाठवायचो. ही दोन्ही वाक्यं मला तशीच बिनव्हाउचरची वाटली. आरोपही तसाच आणि उत्तरही तसंच. पंचवीस गेले, पण किती जणांपैकी? शेवटच्या घटकेला आले, पण त्याआधी ते कुठे होते आणि किती दिवस? हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही.

मला हा विषय मागे टाकता आला नाही, कारण अशाच एका दिवसाच्या आकड्यात माझा भाऊ मोजला गेला आहे.

आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी ते धानाची शेती करायचे. भाद्रपदातली गोष्ट आहे. रोवणी कधीचीच आटोपली होती, बांध्यांमध्ये पाणी होतं आणि धुऱ्यांवर कमरेएवढं गवत वाढलं होतं. दादा रोज सकाळी बैलांसाठी त्यातलंच गवत कापून आणायचे. ताप आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, पावसात भिजले म्हणून आला. तीन दिवस घरच्या गोळ्या घेतल्या. चौथ्या दिवशी गावातल्या डॉक्टरने सुई दिली, एक सलाईन लावलं. सहाव्या दिवशी तालुक्याला नेलं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, विडाल तपासणीत टायफॉइड निघाला म्हणून त्याची इंजेक्शनं सुरू झाली. ताप हटेना, वरून धाप लागायला लागली. आठव्या दिवशी रात्री गाडी करून नागपूरच्या एका खासगी रुग्णालयात आणलं. आयसीयूत दोन दिवस काढले. बिल एक लाख चाळीस हजारांवर गेलं, वहिनीच्या पाटल्या गेल्या. दहाव्या दिवशी दुपारी सांगण्यात आलं, किडनीवर परिणाम झालाय, खर्च आणखी वाढेल, झेपत नसेल तर सरकारीत हलवा. पुतण्याने एका छापील कागदावर सही केली. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाला घेऊन जात आहोत, असं त्यावर लिहिलेलं होतं. हलवा म्हणून सांगितलं होतं ते रुग्णालयानेच.

सरकारी रुग्णालयात खाट मिळायला रात्रीचे अकरा वाजले. वॉर्ड भरलेला होता, दोन खाटांच्या मधल्या जागेत गाद्या टाकून माणसं झोपवली होती. ड्युटीवर एक निवासी डॉक्टर होती, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. तिने आमची फाइल उभ्या उभ्या चाळली आणि मला म्हणाली, “काका, ह्यांचा शर्ट काढा. बनियनपण.” मग मोबाइलचा टॉर्च लावून ती दादांचं अंग इंच इंच पाहू लागली. पाठ, कंबर, कानामागे, जांघेत. डाव्या काखेत केसांच्या आड तिला ती दिसली: काळी खपली, विडीचा चटका बसावा तेवढी, भोवती लालसर कडं. दादांनाही तिचा पत्ता नव्हता, कारण ती ना दुखते ना खाजते. “स्क्रब टायफस,” ती म्हणाली. मग विचारलं, “ताप किती दिवसांपासून?” मी म्हटलं, “दहा.” ती काही बोलली नाही. नाकातल्या नळीतून डॉक्सीसायक्लिन सुरू केलं.

ह्या आजाराचं नाव २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरच्या वर्तमानपत्रांत रोज येत होतं. शहरात आणि आसपासच्या जिल्ह्यांत माणसं दगावली होती. गवताझुडपांत, उंदरांच्या वावरात राहणाऱ्या एका बारीक किड्याची अळी चावते आणि तिच्या लाळेतून जंतू अंगात जातो. प्रत्येकाच्या अंगावर खपली सापडतेच असं नाही, पण सापडली तर निदान तिथेच झालं म्हणायचं. डॉक्सीसायक्लिन ही जुनी, साधी, स्वस्त गोळी आहे. वेळेवर मिळाली तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. टायफॉइडसाठी दिली जाणारी नेहमीची इंजेक्शनं मात्र ह्या जंतूवर काम करत नाहीत. म्हणजे सहाव्या दिवसापासून दादांवर जे उपचार चालले होते ते दुसऱ्याच आजाराचे होते. दहा दिवसांत तीन ठिकाणी तपासण्या झाल्या, रक्त काढलं, सोनोग्राफी झाली, आणि कुणी शर्ट काढायला सांगितला नव्हता.

बाराव्या दिवशी पहाटे दादा गेले. तो मृत्यू त्या सरकारी रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये लिहिला गेला. खासगी रुग्णालयाच्या कागदोपत्री ते जिवंत बाहेर पडले. तालुक्याच्या दवाखान्याच्या हिशेबी ते ‘रेफर’ झाले. गावातल्या डॉक्टरकडे तर रजिस्टरच नाही. ज्या एका ठिकाणी त्यांचा आजार ओळखला गेला, त्याच ठिकाणच्या खात्यावर त्यांचा मृत्यू चढला.

माझं म्हणणं एवढंच आहे. मृत्यू शेवटच्या खाटेच्या नावावर लिहिण्याची ही पद्धत बदलायला हवी. रुग्ण ज्या ज्या दाराने गेला त्या प्रत्येक दारी त्याचा हिशेब लागला पाहिजे, आणि तो हिशेब नागपूरच्या लोकांना वाचायला मिळाला पाहिजे, सरकारी रुग्णालयांचा आणि खासगीचाही.

आता आकड्यांकडे. दोन रुग्णालयं कल्पनेने उभी करू, दोन्हीकडे हजार हजार रुग्ण. पहिल्याकडे ९०० साधे रुग्ण आले, त्यातले १८ गेले, आणि १०० गंभीर आले, त्यातले ३० गेले. एकूण ४८ मृत्यू. दुसऱ्याकडे २०० साधे आले, त्यातले २ गेले, आणि ८०० गंभीर आले, त्यातले १६० गेले. एकूण १६२. बातमी काय होईल? एकीकडे ४८, दुसरीकडे १६२, म्हणजे दुसरीकडे तिपटीहून जास्त. पण नीट पाहा. साध्या रुग्णांत पहिल्याकडे शंभरात दोन गेले, दुसऱ्याकडे एक. गंभीर रुग्णांत पहिल्याकडे शंभरात तीस गेले, दुसऱ्याकडे वीस. म्हणजे तुम्ही साधे रुग्ण असा की गंभीर, जगायची जास्त आशा त्या बदनाम झालेल्या दुसऱ्या रुग्णालयातच आहे.

मेडिकलची स्थिती बरीचशी ह्या दुसऱ्या रुग्णालयासारखी आहे. हजाराहून जास्त खाटांचं हे रुग्णालय कुणालाही दारातून परत पाठवू शकत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, यवतमाळ इथून माणसं येतातच, शिवाय मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, बालाघाट, शिवनीहून येतात. विष प्यालेले, साप चावलेले, हायवेवरचे अपघात, सिकलसेलची मुलं, आणि पैसे संपल्यावर धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी रुग्णालयांतून हलवलेले. ज्याचं वय जास्त, ज्याला आधीच मधुमेह किंवा किडनीचा आजार आहे, जो ठरवून न येता तातडीने येतो आहे, त्याचा धोका दारातच जास्त असतो. डॉक्टर कितीही चांगला असो, त्यात फरक पडत नाही. जगभर हे मोजायच्या रीती आहेत. १९८० च्या दशकापासून आयसीयूतल्या रुग्णाची अवस्था भरतीच्या वेळी गुणांनी मोजतात, १९८७ पासून सोबतच्या आजारांचेही गुण देतात. त्या गुणांवरून अशा रुग्णांत किती मृत्यू अपेक्षित होते ते काढायचं आणि प्रत्यक्षात किती झाले त्याच्याशी ताडून पाहायचं. अपेक्षित शंभर आणि झाले ऐंशी, तर ते रुग्णालय चांगलं. अपेक्षित दहा आणि झाले पंधरा, तर तिथे चौकशी हवी, बाहेरून ते कितीही चकचकीत असो.

हा छेदाचा, म्हणजे मृत्यूंना कशाने भागायचं ह्याचा, वाद फार जुना आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला कंदील आठवतो, पण ती आकड्यांची बाई होती. १८६० मध्ये तिने सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात अशी योजना मांडली. पुढे १८६३ च्या आपल्या पुस्तकात तिने लंडनच्या २४ रुग्णालयांचा मृत्युदर ९० टक्क्यांवर दाखवला आणि मोठा गदारोळ झाला. एका वर्षातल्या मृत्यूंना एका दिवशी खाटेवर असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागलं होतं. डॉक्टरांनी लगेच दाखवून दिलं की भागाकार वर्षभरात भरती झालेल्या रुग्णसंख्येने करायला हवा. डॉक्टर बरोबर होते. पण त्या भांडणातून निघालं काय, तर छेद कोणता घ्यायचा ह्याची चर्चा उघड्यावर आली. आपल्याकडे १६० वर्षांनंतरही नुसता अंशच छापला जातो.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, मी सरकारी रुग्णालयाची बाजू घेतो आहे. त्या दोन रात्री मी तिथे बसलो नसतो तर कदाचित इथेच थांबलो असतो.

दादांच्या खाटेच्या पायथ्याशी टीपीआर चार्ट लटकवलेला होता. ताप, नाडी, श्वास. तापाचे आकडे वरखाली होत होते, नाडीचेही. श्वासाच्या रकान्यात सकाळी २०, दुपारी २०, रात्री २०. मी उठून शेजारच्या खाटेचा चार्ट पाहिला, तिथेही २०. पलीकडे पाहिला, २०. जन्मभर रकाने तपासलेल्या माणसाला एवढी एकसारखी नोंद दिसली की तो तिथेच थांबतो. मी घड्याळ काढलं आणि दादांच्या छातीकडे पाहत पूर्ण मिनिटभर मोजलं. ३८. पुन्हा मोजलं. ३८.

सिस्टरला सांगितलं तशी ती हातातलं काम टाकून आली, ऑक्सिजन वाढवला, डॉक्टरला फोन केला. रात्री नऊपासून ती एकटी होती, मदतीला एक मावशी. मी खाटा आणि गाद्या मोजल्या, ५२ रुग्ण होते. एकेकाचा श्वास पूर्ण मिनिट मोजायचा म्हटलं तर नुसत्या मोजण्यातच ५२ मिनिटं जातात, आणि ते दर चार तासांनी करायचं. मध्ये इंजेक्शनं, सलाईन, रक्ताच्या बाटल्या, मेलेल्याच्या नातेवाइकांची रडारड, नव्या भरतीचे कागद. त्या रकान्यात २० लिहिणारा हात तिचा होता, पण ते वीस तिने लिहिलं असं मी म्हणणार नाही. एका माणसाला बावन्न माणसं सोपवणाऱ्याने ते लिहिलं.

श्वासाची गती ही शरीराची पहिली हाक असते. रक्तदाब खाली यायच्या आधी, माणूस भान हरपायच्या आधी, श्वास वाढतो. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजने २०१२ मध्ये रुग्ण बिघडतोय हे ओळखण्यासाठी जी गुणपद्धत ठरवली, तिच्यात मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त श्वास असतील तर एवढ्या एका गोष्टीवर डॉक्टरने तातडीने येऊन पाहावं असं आहे. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, सेकंदकाटा असलेलं घड्याळ पुरतं. आणि मोजायला मोकळं असलेलं एक माणूस.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे, अतिदक्षता विभागात एकामागे एक. तीन आणि बावन्न. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात निघालं. तिथे चार रुग्ण की आठ रुग्ण असा प्रश्न होता. आपल्या वॉर्डांतली संख्या त्या अभ्यासाच्या तक्त्यात बसणारच नाही. सरकार एखादा नवा विभाग उघडतं तेव्हा इमारतीचं, यंत्रांचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते. परिचारिकांच्या रिक्त जागा भरल्या म्हणून कधी फीत कापलेली मी पाहिली नाही. ह्या शहरात हॉस्पिटलच्या मृत्यूंबद्दल एकच गोष्ट करता येणार असेल, तर मी सीटी स्कॅनच्या आधी रात्रपाळीच्या सिस्टर मागेन.

तासांचाही हिशेब असाच आहे. जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांवरचा कॅनडा-अमेरिकेतला २००६ चा अभ्यास सांगतो की रक्तदाब कोसळल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत योग्य अँटिबायोटिक मिळायला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटते. योग्य हा शब्द इथे महत्त्वाचा. दादांना अँटिबायोटिक सहाव्या दिवसापासून मिळतच होतं.

डॉक्टरने खाटेजवळ बसून काय फरक पडतो, ह्याचं उदाहरण परदेशातून आणायची गरज नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरच्या मेडिकलमध्येच शिकले. महाडच्या परिसरात नोकरीला गेले तेव्हा कोकणात विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, दवाखान्यात येऊनही मरत होती. मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात होतं. बावस्करांनी रुग्णाजवळ रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपले. विषाने हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं आणि माणूस जातो, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी प्राझोसिन ह्या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा वापर सुरू केला. प्रमाण १ टक्क्यापर्यंत खाली आलं. रुग्ण तेच, खेडी तीच, उशीर तोच. शेवटच्या घटकेला येतात हे वाक्य त्यांनाही म्हणता आलं असतं.

म्हणून मला दोन्ही गोष्टी एकत्र हव्या आहेत: रुग्ण कोणत्या अवस्थेत आला त्याची नोंद, आणि आल्यानंतर आपण काय केलं त्याचीही. एकीशिवाय दुसरी अर्धवट राहते.

खासगी रुग्णालयांबद्दल तर आपल्याला काहीच कळत नाही. सरकारी रुग्णालयातले मृत्यू निदान बातमीत येतात. आपल्या गल्लीतल्या चार मजली हॉस्पिटलमध्ये गेल्या वर्षी न्यूमोनियाचे किती भरती झाले, किती गेले, किती जणांकडून ती छापील सही घेऊन बाहेर पाठवलं, हे मला कुठे वाचायला मिळेल? फ्रिज घेताना आपण वीजवापराचे तारे पाहतो. बायपाससाठी हॉस्पिटल निवडताना ओळखीच्या कुणाला तरी फोन करतो.

डॉक्टर मित्रांशी बोललो तेव्हा त्यांनी हरकत घेतली, आणि ती खोटी नाही. आकडे जाहीर केले तर डॉक्टर अवघड रुग्णाला हात लावणार नाहीत, आधीच आमच्यावर हल्ले होतात, त्यात ही भर कशाला, असं ते म्हणतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात १९९० च्या सुमारास हृदयशस्त्रक्रियांचे मृत्युदर जाहीर होऊ लागले, तेव्हा गंभीर रुग्ण टाळले जात आहेत का ह्यावर बरीच वादावादी झाली. भीती खरी आहे म्हणूनच मोजायची रीत तशी निवडायला हवी. इंग्लंडमध्ये २०११ पासून जो निर्देशांक वापरतात त्यात रुग्णालयातले मृत्यू तर धरतातच, पण घरी सोडल्यानंतर ३० दिवसांत झालेले मृत्यूही सोडणाऱ्या रुग्णालयाच्या खात्यात धरतात. आपण त्याच्याही एक पाऊल पुढे जाऊ: तीस दिवसांत ज्या ज्या ठिकाणी रुग्ण भरती होता, त्या प्रत्येक ठिकाणी त्याची नोंद लागेल. सही घेऊन दाराबाहेर काढल्याने खातं कोरं राहणार नसेल, तर ती सही घेण्याची घाई आपोआप कमी होईल. आणि अवघड रुग्ण घेणाऱ्याला त्याच्या अवघडपणाचे गुण मिळणार असतील, तर त्याला टाळायचं कारणही राहणार नाही.

इंग्लंडचंच स्टॅफर्डचं उदाहरण डॉक्टरांनी मुद्दाम वाचावं. तिथल्या रुग्णालयात अपेक्षेपेक्षा जास्त मृत्यू होत आहेत असं आकडे सांगत होते. व्यवस्थापन म्हणालं, नोंदींत चूक आहे. पुढे चौकशी झाली, २०१३ मध्ये रॉबर्ट फ्रान्सिस ह्यांचा मोठा अहवाल आला. वॉर्डांत परिचारिका पुरेशा नव्हत्या, तहानलेल्या म्हाताऱ्या माणसांना पाणी द्यायला कुणी नव्हतं. आकड्याने कुणालाही दोषी ठरवलं नव्हतं, त्याने फक्त कुठलं दार उघडून पाहायचं ते दाखवलं होतं.

हे आपल्याला जमणार नाही असं म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, एका प्रकारच्या मृत्यूसाठी आपण हे करतोच. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या ४२ दिवसांत बाई गेली तर आपल्या देशात त्या मृत्यूचं परीक्षण करायचा नियम आहे. नुसती शेवटच्या रुग्णालयाची फाइल पाहून भागत नाही. घरी जाऊन विचारतात: त्रास कधी सुरू झाला, दवाखान्यात न्यायचं कधी ठरलं, गाडी कधी मिळाली, आधी कुठे नेलं, तिथून का पाठवलं, पोचल्यावर उपचार किती वेळाने सुरू झाले. घरी ठरवायला झालेला उशीर, वाटेतला उशीर, पोचल्यावरचा उशीर, असे तीन उशीर वेगळे काढतात. देशातला मातामृत्यूचा दर २०१४-१६ मध्ये लाख जन्मांमागे १३० होता, २०१८-२० मध्ये तो ९७ वर आला. महाराष्ट्रात त्या काळात तो ३३ होता. दर खाली यायला कारणं अनेक आहेत, दवाखान्यात होणारी बाळंतपणं, १०८ ची गाडी, आशाताईंची पायपीट. पण प्रत्येक मृत्यूचा माग काढायची सवय लागली, ही त्यातली लहान गोष्ट नाही. बाळंतिणीसाठी जे जमतं ते तापाच्या रुग्णासाठी का जमू नये? सगळ्यांसाठी एकदम नको. पावसाळ्यातल्या तापापासून आणि साप चावलेल्यांपासून नागपूर विभागात सुरुवात करा.

मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याकडेही पाहा. नमुना क्रमांक ४ मध्ये पहिल्या ओळीत तत्काळ कारण, तिच्याखाली ते कशामुळे झालं, आणखी खाली मूळ कारण, अशा ओळी असतात. हृदय आणि श्वास थांबला, हे कारण म्हणून लिहू नये अशी सूचना आहे, कारण मरताना ते प्रत्येकाचंच थांबतं. दादांच्या दाखल्यावर पहिल्या ओळीत तेच आहे आणि खालच्या ओळी मोकळ्या आहेत. जिने खपली शोधली तिने तो भरला नव्हता, तिची पाळी संपली होती. पहाटेच्या गर्दीत दुसऱ्या कुणी भरला. देशात नोंदणी झालेल्या मृत्यूंपैकी चौथ्या हिश्शाहूनही कमी मृत्यूंना वैद्यकीय कारणाचा दाखला मिळतो, आणि जो मिळतो त्यातले किती असे असतील. माझ्या भावाचा मृत्यू स्क्रब टायफसच्या आकड्यात नाही. म्हणजे आमच्या तालुक्यात हा आजार आहे हे त्या कागदावरून कुणालाच कळणार नाही, पुढच्या भाद्रपदात तिथल्या डॉक्टरलाही नाही.

त्या पहाटे वॉर्डात एका दुसऱ्या रुग्णाचे नातेवाईक ओरडत होते. त्यांचाही माणूस गेला होता. समोर उभी होती ती एकटी सिस्टर आणि एक इंटर्न मुलगा, अजून मिसरूड न फुटलेला. नातेवाइकांतला एक जण हात उगारून पुढे आला, मावशी मध्ये पडली. त्या माणसाला शोधायचं होतं ते उत्तर त्या वॉर्डात नव्हतं. कदाचित तीन दिवस मागे, शंभर किलोमीटर दूर कुठेतरी होतं. पण त्याच्या हाती फक्त ती शेवटची खाट होती.

दादांचे सगळे कागद मी एका फाइलीत लावून ठेवले आहेत. गावातल्या डॉक्टरची चिठ्ठी, तालुक्याचा केसपेपर, खासगीचं नऊ पानी बिल, सरकारीचा चार्ट. तारखांच्या क्रमाने वाचलं तर एखादा शिकाऊ डॉक्टरही बोट ठेवून सांगेल, इथे, ह्या दिवशी. हे कागद एकत्र वाचायची जबाबदारी कुणाचीच नाही, म्हणून ते माझ्या कपाटात आहेत.

गेल्या पावसाळ्यात पुतण्याचा फोन आला. “काका, शेजारच्या रामाभाऊंना पाच दिवसांपासून ताप आहे, इंजेक्शननं उतरत नाही.” मी म्हटलं, “कपडे काढून अंग नीट पाहा, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे.” अर्ध्या तासाने त्याने फोटो पाठवला. कमरेला करदोड्याच्या खाली काळी खपली. तो फोटो घेऊन ते त्याच दुपारी तालुक्याला गेले, डॉक्टरने फोटो पाहिला, खपली पाहिली आणि गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या दिवशी रामाभाऊ धुऱ्यावर बसून निंदणाऱ्या बायांना हाका मारत होते.